वस्तूची मालकी आणि प्रतीचा हक्क

‘पैसे देऊन घेतलेल्या वस्तूची घरगुती प्रत काढणे सर्वत्र कायदेशीर असते’ हे लेखातील विधान मला फार सरसकट वाटते. पुस्तक किंवा सीडी विकत घेतल्यावर ती वस्तू आपली होते, ती आपण विकू शकतो किंवा कोणाला भेट देऊ शकतो. परंतु तिच्यातील साहित्य किंवा संगीताच्या प्रती काढण्याचा हक्क कॉपीराइटधारकाकडेच राहतो आणि वैयक्तिक वापराची मुभा प्रत्येक देशाचा कायदा आपापल्या परीने देतो. ब्रिटनमध्ये स्वतःच्या सीडीची खासगी प्रत काढण्याची सवलत २०१४ मध्ये लागू झाली आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. जर्मनीत अशी प्रत चालते, मात्र प्रती काढण्याच्या उपकरणांवरील आकारणीतून निर्मात्यांना मोबदला दिला जातो.

मला खरा अन्याय वाटतो तो डिजिटल कुलपांचा. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार डीव्हीडीवरचे तांत्रिक संरक्षण तोडणे हेच स्वतंत्र उल्लंघन ठरते, त्यामुळे चकती खराब होण्यापूर्वी तिची प्रत करून ठेवू पाहणारा प्रामाणिक ग्राहकही अडचणीत येऊ शकतो. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ मध्ये असे संरक्षण तोडल्याबद्दलच्या शिक्षेसाठी हक्कभंगाचा हेतू आवश्यक मानला आहे आणि हा फरक मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. संगणक प्रणालीच्या (सॉफ्टवेअरच्या) बॅकअपची मुभा तर त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्पष्टच आहे. लेखात तिचा उल्लेख हवा होता.