पंख्याच्या चार वायरी

जुन्या मिनीबसमध्ये पलंग, शेगडी आणि सिंक बसवून तिचं फिरतं घर करायचं ठरलं, की पडद्यांच्या रंगावर महिनाभर खल चालतो. इंजिनाच्या पंख्याचा विषय निघतो तो थेट यवतेश्वरच्या घाटात. दुसरा गिअर, समोरून वारा नाही आणि काटा लाल रेघेकडे. मग इलेक्ट्रिक फॅन क्लच येतो, म्हणजे कॉइलला करंट मिळाला की चुंबकाच्या ओढीने पंखा इंजिनाला जोडणारा क्लच. तो बसवणं पान्याचं काम, होऊन जातं. वायरिंग मात्र साताऱ्यात कुणी एकट्याला करू देत नाही. बॉनेट उघडलं की सल्लागार जमतात. मल्टिमीटर एकाकडेही नसतो.

खरं तर वायरी चारच. बॅटरीची मायनस आधी काढा. मग रिलेच्या, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या डबीच्या, ३० नंबरच्या पायाला फ्यूजमधून बॅटरीचा प्लस, ८७ वरून क्लचची कॉइल, ८६ ला इग्निशनचा करंट आणि ८५ थर्मोस्विचमधून (पाणी तापलं की आपोआप चालू होणारा स्विच) बॉडीला. कॉइल ४ अँपिअरच्या आसपास ओढते. १० चा फ्यूज आणि दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरे. फ्यूज बॅटरीला लागूनच हवा. पंख्याशेजारी लावला तर मधली सगळी वायर रामभरोसे. उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायला सांगणारा गृहस्थ धूर निघतो तेव्हा नेमका चहाला गेलेला असतो.

पाच पायांच्या रिलेत ८७ए नावाचा एक जादा पाय असतो. रिले स्वस्थ असतानाच त्याला करंट मिळतो. क्लचची वायर तिथे गेली तर इंजिन थंड असताना पंखा जीव तोडून फिरतो आणि पाणी तापलं की थांबतो, लग्नघरात जेवणाला हजर आणि पंगत वाढायला गायब असणाऱ्या मेहुण्यासारखा.

थर्मोस्विच ९५ अंशांना चालू, ८५ ला बंद होणारा बरा. एकाच वायरीचा असेल तर त्याचं अर्थिंग आट्यांमधून होतं. गळती नको म्हणून कुणीतरी आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळतो; पाणी थांबतं आणि करंटही. तिथे तांब्याचा वॉशर घाला. रेडिएटरची टाकी प्लास्टिकची असेल तर स्विच दोन वायरींचाच घ्यायचा.

सगळ्यात छळवादी दुखणं वेगळंच. घरासमोर पंखा झकास पकडतो, घाटात सोडून देतो. कॉइल ६० अंशांनी तापली की तांब्याचा रेझिस्टन्स जवळजवळ चौथाईने वाढतो, करंट घटतो, आणि क्लचच्या प्लेटमधलं अंतर जास्त असेल तर चुंबकाची ओढ अपुरी पडते. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घाला. अर्धा मिलिमीटरच्या आसपास हवं. नेमका आकडा क्लचच्या कागदावर असतो, जो खोक्याबरोबर रद्दीत जातो. अंतर ठीक असेल तर अर्थिंग बघा. पंखा चालू असताना कॉइलच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत अर्धा व्होल्टहून जास्त दिसला, तर नट खोला, रंग खरवडा आणि पुन्हा आवळा.

कॉइलवर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा पार्ट) लावाच, त्याच्यावरची पट्टी प्लसकडे. कॉइल सुटताना उलटा झटका मारते आणि रिलेचे पॉइंट खाते. डायोडच उलटा लावला तर फ्यूज उडतो.

शेवटी ८५ पासून बॉडीला एक साधं बटण जोडा. थर्मोस्विच मेला तरी पंखा हाताने चालवता येतो. आणि बटणावर ‘इंजिन’ असं मोठ्या अक्षरात लिहा. नुसतं ‘पंखा’ लिहिलंत तर पलंगावर पहुडलेले मामा उकडतंय म्हणून ते दाबून ठेवतील.