जुना पार्ट दाखवा

आमच्या गाडीला मेसेज येतात. मला नव्हे, गाडीला. सकाळी एका हातात डबा, दुसऱ्या हातात लेकीनं विसरलेली प्रोजेक्टची फाइल, आणि गाडी सुरू करायला ब्रेकवर पाय ठेवावा तर समोरच्या पडद्यावर चौकट उघडते: नवीन सॉफ्टवेअर आलंय, आत्ता टाकू की नंतर? ते ‘नंतर’चं बटण ज्यानं ठेवलं त्याच्या घरी कायम सुखसमृद्धी नांदो. आमच्या सोसायटीतले विजेच्या गाडीवाले बहुतेक सगळे ‘नंतर’ संप्रदायाचे आहेत. अपवाद एकच, सी विंगमधले काका. ते मध्यरात्री उठून अपडेट टाकतात आणि सकाळी ग्रुपवर आवृत्तीच्या आकड्याचा फोटो टाकून अभिनंदन स्वीकारतात.

पेट्रोलची गाडी बिघडायची, पण सुधारायची नाही. त्यामुळे तिच्याशी संबंध सरळ होते. हिरव्या नंबरप्लेटची गाडी आली आणि काहीही बिघडलेलं नसताना दुरुस्त्या सुरू झाल्या. त्यांत दोन जाती. गाणी, नकाशे, पडद्यावरची चित्रं हे गाडीतल्या सिमकार्डावरून किंवा वायफायवरून, म्हणजे हवेतून येतं. बॅटरी सांभाळणारा कंट्रोलर, मोटरचा कंट्रोलर, चार्जर असलं खोलातलं काम निघालं की बऱ्याच कंपन्या म्हणतात, गाडी घेऊन या. स्टीअरिंगखाली एक पोर्ट असतो, त्यात वायर खुपसून लॅपटॉपवरून नवं सॉफ्टवेअर चढवतात. काही कंपन्या आता हे खोलातलं कामही हवेतून करतात. आमच्या कंपनीचं धोरण काय, हे त्या दिवशी फोनवर कोण आहे त्यावर ठरतं.

पहिला फोन वर्कशॉपचा आला. ‘मॅडम, तुमच्या गाडीचं सॉफ्टवेअर पेंडिंग आहे. अर्ध्या तासाचं काम आहे, बसल्याबसल्या मारून देतो.’ अर्धा तास हे सर्व्हिस सेंटरचं सगळ्यात लहान माप. त्याहून लहान काम तिथे निघत नाही आणि तेवढ्यात कुठलंच काम होत नाही.

‘मीही येतो,’ बाबा म्हणाले. बाबा म्हणजे माझे सासरे. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले, इंजिनं उतरवण्यात हयात गेलेली. आमच्या गाडीचं बॉनेट त्यांनी पहिल्यांदा उघडलं, आत पाहिलं, अलगद बंद केलं, आणि त्या दिवशी जेवताना कोणाशी फारसं बोलले नाहीत. वर्कशॉपच्या बाबतीत त्यांचा एकच नियम आहे: जे काढलं ते दाखवा. ब्रेक पॅड बदलले? जुने दाखवा. क्लच प्लेट टाकली? जुनी पिशवीत घालून द्या. आमच्या माळ्यावर त्यांच्या पहिल्या स्कूटरपासूनचे पार्ट आहेत आणि कुठला कशाचा हे त्यांना आजही अंधारात चाचपून सांगता येतं.

गाडी माझ्या नावावर, हप्ता माझ्या खात्यातून, पण सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर बोलत होता बाबांशी. ‘सर, काही कंप्लेंट?’

‘मला काय विचारता? गाडी तिची आहे.’

मग नाइलाजानं माझ्याकडे वळून, ‘मॅडम, काही कंप्लेंट?’

मी म्हटलं, तुम्हीच बोलावलंय. त्यानं जॉब कार्डवर नोंद केली: ‘कस्टमर रिक्वेस्ट, सॉफ्टवेअर अपडेट’. खाली ‘वॉशिंग, हो’. मी म्हटलं, वॉशिंग नको, कालच धुतलीय. ‘फ्री आहे मॅडम,’ तो इतक्या दुखावलेल्या आवाजात म्हणाला की मी गप्प बसले. मग त्यानं गाडीभोवती फिरून सगळे ओरखडे टॅबवर टिपले. इंधनाच्या रकान्याशी मात्र क्षणभर थबकला, आमच्या गाडीकडे पाहिलं, आणि ‘हाफ टँक’ लिहून पुढे सरकला.

त्यानंतरची सकाळ मी थोडक्यात सांगते, कारण ती थोडक्यात गेली नाही. ईव्हीचं काम जाणणारा मुलगा एकच. तो होता तर लॅपटॉप दुसऱ्या ब्रँचला. लॅपटॉप आला तर सर्व्हर डाउन. सर्व्हर उठला तर मुलगा जेवायला. अखेर सगळे ग्रह एका रेषेत आले तेव्हा बाबा काचेमागची जागा सोडून थेट गाडीपाशी जाऊन उभे राहिले. ‘ग्राहकांना प्रवेश नाही’ अशी पाटी होती, पण बाबा वर्कशॉपमध्ये स्वतःला ग्राहक समजत नाहीत.

मुलानं बॉनेट उघडून बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीला बाहेरून चार्जर जोडला. पोटात एवढी मोठी बॅटरी असताना ही चिमुकली कशाला, हे बाबांनी विचारलंच. मुलगा खरंच हुशार होता. गाडीतले सगळे कॉम्प्युटर, कुलपं, दिवे बारा व्होल्टवर चालतात. सॉफ्टवेअर चढताना मोठी बॅटरी बाजूला पडलेली असू शकते, सगळा भार या छोटीवर. मध्येच तिचं व्होल्टेज बसलं तर कंट्रोलर अर्धवट राहतो, आणि कधीकधी नवाच टाकावा लागतो.

‘म्हणजे बॅटरी उतरली की गाडी मेली,’ बाबांचा चेहरा उजळला. ‘एवढं सगळं करून शेवटी आलात तिथेच.’

काम झालं. मुलानं वायर काढली. बाबांनी हात पुढे केला.

‘जुनं दाखवा.’

‘काय जुनं, सर?’

‘जे काढलं ते.’

‘सर, सॉफ्टवेअर आहे. काढलं नाही, त्यावरच नवीन मारलं.’

‘मग जुनं खाली आहे?’

‘नाही सर, ते गेलं.’

‘कुठं?’

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीच्या मशिनकडे पाहिलं. मग त्या गुणी पोरानं लॅपटॉपच बाबांकडे फिरवला. जुन्या आवृत्तीचा लांबलचक आकडा, बाण, नव्या आवृत्तीचा लांबलचक आकडा. बाबांनी चष्मा लावून दोन्ही आकडे बोट ठेवून ताडून पाहिले. ‘शेवटी सातचं आठ केलंय. बाकी सगळं तेच आहे.’

निघताना अ‍ॅडव्हायझर धावत आला. ‘मॅडम, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा द्या. नऊ दिले तर आमचे शून्य धरतात.’ गाडी लखलखीत धुतलेली होती.

काय गेलं ते आम्हाला वाटेत कळत गेलं. एफएमची स्टेशनं गेली. ब्लूटूथवरचे घरातल्या सगळ्यांचे फोन गेले. आणि गेलं माझं रीजन. हे विजेच्या गाडीवाल्यांचं जिवाभावाचं प्रकरण आहे. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलट जनरेटरचं काम करते, गाडी आवरते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. ते किती जोरात व्हावं हे ठरवता येतं आणि मी ते माझ्या पायाला नेमकं बसवून घेतलं होतं. अपडेटनं ते मूळपदावर नेऊन ठेवलं. चांदणी चौकाच्या उतारावर सवयीनं पाय उचलला तर गाडी आपली निवांत पुढे. मी ब्रेक दाबला, बाबांनीही दाबला. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही, पण एसटीतली सवय.

रात्री पूर्ण चार्ज केल्यावर रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाईल त्याचा, आकडा पहिल्यापेक्षा कमी. नवरा म्हणाला, ‘बॅटरी तीच आहे, फक्त अंदाज जास्त अचूक झाला असेल.’ असेलही. पण मग ते कळवायला नको? अपडेटबरोबर आलेल्या चिठ्ठीत एकच वाक्य होतं: ‘कार्यक्षमतेत सुधारणा आणि किरकोळ दुरुस्त्या.’ या वाक्यावर कायद्यानं बंदी आणावी असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रेकला हात लावला असेल तर तसं लिहा. गाण्याच्या अ‍ॅपला लावला असेल तर तसं लिहा. मोघम सुधारणा माणसांच्याही मी सहन करत नाही, गाडीची का करू?

सी विंगच्या काकांना यातलं काहीच पटत नाही. त्यांच्या मते वर्कशॉप हा मागासलेपणा. लिफ्टमध्ये त्यांनी बाबांना गाठलं. २०१८ मध्ये अमेरिकेत ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या कंझ्युमर रिपोर्ट्स या संस्थेनं टेस्लाची मॉडेल ३ तपासली, ताशी ६० मैलांवरून थांबायला तिला १५२ फूट लागले, म्हणून शिफारस नाकारली. टेस्लानं काही दिवसांत हवेतून अपडेट पाठवलं, गाडी १३३ फुटांत थांबायला लागली. ‘कोणी पान्यालासुद्धा हात लावला नाही, बोला!’

बाबा बोलले. ‘मग आधी ब्रेक कमी कोणी ठेवला होता?’

काकांनी दुसरा दाखला काढला. २०१७ मध्ये फ्लोरिडात इर्मा वादळ आलं तेव्हा टेस्लानं तिथल्या काही गाड्यांची रेंज घरबसल्या वाढवून दिली, लोकांना दूर निघून जाता यावं म्हणून. त्या गाड्यांत बॅटरी मोठी होती, पण कमी पैसे दिलेल्यांना सॉफ्टवेअरनं थोडीच वापरू दिली जात होती.

‘म्हणजे टाकीत डिझेल होतं आणि मध्ये बूच मारून ठेवलं होतं?’ लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, पण बाबा उतरेनात. ‘आणि ते वादळ आल्यावर काढलं? आमच्याकडे असलं कोणी केलं असतं तर सस्पेंड झाला असता.’

मला काकांची बाजू अगदीच लंगडी वाटत नाही. इकडे टाटांच्या नेक्सॉन ईव्ही मॅक्सची प्रमाणित रेंज २०२३ च्या सुरुवातीला ४३७ वरून ४५३ किलोमीटर झाली, तीही सॉफ्टवेअरनंच. जुन्या मालकांनाही ती मिळाली, पण त्यासाठी वर्कशॉपची वारी करावी लागली. आणि हवेतल्या कारभाराचं म्हणाल, तर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या रिव्हियननं चुकीच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची आवृत्ती गाड्यांना पाठवली. कोणाचं तरी बोट चुकलं, असं कंपनीनंच सांगितलं. गाड्या चालत होत्या, पण पडदे ठप्प. हे मी काकांना ऐकवलं तर त्यांनी लिफ्टमधला पंखा वाढवला.

आमच्या नशिबी हवेतलं अपडेट आलं ते उन्हाळ्यात. अटी पडद्यावर होत्या: बॅटरी पुरेशी हवी, गाडी ‘पार्क’मध्ये हवी, चार्जिंगची वायर काढलेली हवी, सिग्नल चांगला हवा. आमचं पार्किंग तळघरात, त्यातही खालच्या. तिथे मोबाइलला रेंज नसते. तिथून ‘हॅलो’ म्हणणारी माणसं रॅम्प चढून वर येईपर्यंत ‘हॅलो’च म्हणत असतात. नवऱ्यानं राउटर आणि एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन खाली जायचा बेत मांडला. सेक्रेटरींनी कॉमन मीटरची वीज कुठल्या नियमानं वापरणार असं लेखी विचारलं. शेवटी गाडी वर आणून गेटजवळच्या मोकळ्या जागेत लावली. सिग्नल फुल. ‘आत्ता’ दाबलं. पडद्यावर आलं: या काळात गाडी वापरता येणार नाही.

ती जागा मोकळी का असते, हे टँकरनं हॉर्न वाजवल्यावर आठवलं. एप्रिल महिना, वरच्या टाक्या कोरड्या, बी विंगमध्ये कोणीतरी अंगाला साबण लावून बसलेलं.

‘मॅडम, गाडी काढा.’

‘निघत नाही. अपडेट चालू आहे.’

टँकरवाल्यानं खाली उतरून गाडीभोवती चक्कर मारली. ‘पंक्चर हाय का?’

‘नाही हो. सॉफ्टवेअर चढतंय.’

‘चढू द्या की. न्यूट्रल करा, ढकलतो.’

न्यूट्रल करायला पडदा हवा, पडद्यावर टक्केवारी. हँडब्रेकसुद्धा बटणाचा, तोही झोपलेला. वॉचमन, सेक्रेटरी, टँकरवाला, त्याचा पोऱ्या आणि बाल्कन्यांमधून निम्मी सोसायटी असे सगळे मिळून आम्ही काचेतून टक्के बघत होतो. एकसष्ट. बासष्ट. काका वरून ओरडून धीर देत होते. बी विंगमधून बादली आपटल्याचा आवाज आला. पुढे आकडा हलेना. मग पडदा काळा झाला, सोसायटीनं एकदमच श्वास रोखला, आणि अक्षरं उमटली: अपडेट अयशस्वी, जवळच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा.

मी आत बसून ब्रेक दाबला. गाडी सुरू झाली, जुन्या आवृत्तीवर, एफएमसकट, रीजनसकट. टँकर आत आला.

काकांनी खाली येऊन कारण सांगितलं. अशा पद्धतीत नवं सॉफ्टवेअर मेमरीच्या वेगळ्या कप्प्यात उतरवतात. ते नीट बसलं नाही तर गाडी पहिल्या कप्प्यातल्या जुन्यावर परत येते.

‘म्हणजे यांनी जुनं जपून ठेवलं होतं!’ बाबांनी काकांचा हात हातात घेऊन हलवला. त्या दोघांचं तेव्हापासून चांगलं जमतं.

वर्कशॉपला फोन केला तर, ‘मॅडम, हवेतलं कंपनी बघते, आमचा संबंध नाही.’ कंपनीला केला तर, ‘वर्कशॉप बघेल.’ असे बरेच फोन झाल्यावर तोच हुशार मुलगा लॅपटॉप घेऊन घरी आला. सातचं आठ केलं होतं, त्याचं आता नऊ केलं. बाबांनी न मागताच त्यानं पडदा त्यांच्याकडे फिरवला. बाबांनी त्याला पोहे खायला लावले.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅडव्हायझरचा फोन. मी आधीच सांगून टाकलं, दहापैकी दहा देते.

‘ते आहेच मॅडम. पण तुमचं जॉब कार्ड बंद होत नाहीये. सिस्टीम वॉशिंगची एंट्री मागतेय. गाडी जरा आणता का?’

मी फोनवर हात ठेवून बाबांना विचारलं. ते पायात चपला सरकवत होते. ‘चल, जाऊन येऊ. धुताना काय निघतं ते दिसतं तरी.’