कवी कधी वारले?

आमच्या शाळेत जूनमध्ये स्मार्ट बोर्ड आला. पहिला आठवडा त्याच्यावर प्लास्टिक होतं, दुसऱ्या आठवड्यात हार, तिसऱ्या आठवड्यात मी.

बोट टेकवलं की रेघ चार बोटं डावीकडे उमटायची. ‘पाऊस’ लिहिला तर काना कुठे, ऊ कुठे. पहिल्या बाकावरून लगेच आवाज आला, “टीचर, पावसाक कितें जालें?” मराठीच्या तासाला कोकणी नको, हे सांगायचंही मला सुचलं नाही, कारण प्रश्न रास्त होता.

शिकवायची होती पावसाची कविता. जोडीला चित्र म्हणून दूधसागरचा एक फोटो उतरवून घेतला. मोबाइलवर झकास दिसत होता. बोर्डावर सहा फुटांचा झाला तेव्हा कळलं, धबधब्यातून पाण्याबरोबर फोटोवाल्या कंपनीचं नावही खाली पडतंय. तिरपं, अकरा वेळा. मुलांनी मोजलं.

“इंटरनेटवर आहे म्हणजे सगळ्यांचंच की,” आमचे कॉम्प्युटरचे सर म्हणाले. शेजाऱ्याच्या फणसाची फांदी आपल्या कुंपणात आली म्हणून फणस आपला होत नाही, हे मला लहानपणी आईने पाठीवर शिकवलंय. म्हणून रात्री जेवणं आटोपल्यावर कायदाच वाचायला घेतला.

१९५७चा कॉपीराइट कायदा मास्तरांवर चांगलीच माया करणारा निघाला. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने एखाद्या कृतीची प्रत काढली तर ते उल्लंघन नाही, असं त्याचं कलम ५२ सांगतं. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सवाल्यावर मोठमोठ्या प्रकाशकांनी खटला भरला होता, तेव्हा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ह्याच कलमाच्या आधारे शिकवण्याची बाजू उचलून धरली. म्हणजे वर्गात आम्ही राजे. मी निवांत झोपले.

सकाळी मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “पाठाचा व्हिडिओ करा हं. शाळेच्या चॅनेलवर टाकू. दुबईतले पालकसुद्धा बघतील.”

झालं! दुबईपर्यंत दिसतो तो काही वर्ग नव्हे. चार भिंतींतली माया तिथवर पुरेल, असं छातीठोकपणे सांगणारं मला कोणी भेटलं नाही. आता प्रत्येक ओळीचा आणि प्रत्येक चित्राचा धनी शोधणं आलं.

कविता घ्यायची तर आमच्याच तालुक्यातल्या बोरीचे बाकीबाब बोरकर. त्यांच्याशिवाय गोव्यात पाऊस पडलेला मोजतात का? पण हक्क चालतो कवीच्या निधनानंतर साठ वर्षं, तीही पुढच्या जानेवारीपासून मोजायची. बोरकर गेले १९८४ साली. म्हणजे २०४४चा डिसेंबर संपेपर्यंत थांबा. वारसांची परवानगी मागता आली असती, पण बाईंना व्हिडिओ शुक्रवारी हवा होता. हा सगळा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडून दाखवला. बेरजेचा सराव तेवढाच.

मग मी मराठी कवींच्या मृत्यूच्या तारखाच धुंडाळू लागले. नवरा म्हणाला, “सुतक पाळायचं असेल तर आधी सांग, मासळी आणत नाही.” अखेर बालकवी सापडले. १९१८ साली, तिशीही न गाठता गेलेले. मी स्टाफरूममध्ये मोठ्याने म्हणाले, “लवकर गेले, बरं झालं!” सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले.

चित्रासाठी गुगलच्या शोधात वापराच्या हक्कांची चाळणी लावली आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचा दूधसागर मिळाला. फुकट, पण नियम बँकेसारखे. फोटोग्राफरचं नाव द्या, परवान्याचं नाव द्या, काही बदललं असेल तर तेही सांगा. त्या भल्या माणसाने नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे ठेवले होते. कोपऱ्यात एक चड्डीवाला पर्यटक उभा होता, त्याला कापला. मग ‘पर्यटक कापला आहे’ हेही लिहिलं. श्रेयांची पाटी कवितेपेक्षा लांब झाली.

सगळ्यांत राग कसला, तर भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आमच्याच जुन्या गोव्यात आला. जायचा होता अ‍ॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. गोव्यात उतरला तो राहिलाच. इथे उतरलेले पाहुणे हलत नाहीत, हा अनुभव तसा जुना. म्हणजे प्रती काढायचा हा उपद्व्याप जिथे सुरू झाला, त्याच्या समोरून मी पणजीला जाताना तिकीट काढून जाते, आणि त्रास मलाच!

शुक्रवारी कॅमेरा लागला, मी इस्त्रीची साडी नेसले, बालकवींची पहिली ओळ तोंडात आली आणि वीज गेली. बाहेर असा काही पाऊस कोसळत होता की संध्याकाळपर्यंत ती येण्याची आशाच नव्हती.

मी बोर्डाशेजारचा जुना फळा पुसला आणि खडू घेतला. दूधसागर काढला. वरून जाणारी आगगाडी काढली. डबे बटाट्यांसारखे झाले, पण रुळावर होते. आठवड्यात पहिल्यांदाच हात जिथे टेकला तिथे रेघ उमटत होती. शिवाय चित्र पुरतं माझं. श्रेय नको, परवाना नको, दुबईला दाखवा नाहीतर दिल्लीला.

मी वळले तर मागच्या बाकावरचा एक हात वर.

“टीचर, हे वहीत आता काढायचं, की तुम्ही गेल्यावर साठ वर्षांनी?”