‘सत्तेचाळीस’ म्हटल्यावर नातू ७४ का लिहितो? तासगावच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून संख्या शिकवण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तासगावहून लिहिलेली प्रतिक्रिया तळमळीची आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांचा नातू जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. ‘सत्तेचाळीस लिही’ म्हटलं की ७४ लिहितो. वर्गात काड्या, मणी, खोट्या नोटा चालतात, पाढ्यांचा घोष मात्र ऐकू येत नाही. काकांच्या वेळी चौथीपर्यंत तीसपर्यंतचे पाढे आणि वर पावकी-दिडकी (पाव, दीड यांचे पाढे) पाठ असायची. एकवीस, बावीससाठी पुस्तकातलं ‘वीस एक, वीस दोन’ त्यांना मराठीची मोडतोड वाटते. आणि शेवटचं वाक्य: ‘तुम्ही पोरांना खेळवताय, शिकवत नाही.’

पाढ्यांबद्दलचं तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं, त्यावर पुढे लिहिलं आहे. पण आधी त्या ७४ कडे बघू, कारण सगळ्याचं मूळ तिथंच आहे.

तुमच्या नातवाने जे ऐकलं तेच लिहिलं. ‘सत्तेचाळीस’मध्ये कानावर आधी ‘सत्ते’ पडतं, मग ‘चाळीस’. त्याने आधी सात मांडला, मग चार. आपण बोलतो एककापासून आणि लिहितो दशकापासून. आपल्या सांगली जिल्ह्यातच जतकडच्या कन्नड शाळेतल्या मुलाला हा घोळ नाही. कन्नडमध्ये सत्तेचाळीस म्हणजे ‘नलवत्तेळु’: नलवत्तु म्हणजे चाळीस, एळु म्हणजे सात. बोलायचं त्याच क्रमाने लिहायचं. मराठी मुलाला ऐकलेलं डोक्यात उलटवून मग कागदावर उतरवावं लागतं, आणि हे त्याला कुणी सांगितलेलंही नसतं.

क्रम उलटा आहे एवढंच असतं तरी निभावलं असतं. एकट्या ‘सहा’चं काय होतं ते बघा: सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. ‘सहा’ जसाच्या तसा ऐकू येतो तो फक्त सहासष्टमध्ये. दशकांचंही तेच. ‘बावन्न’मध्ये ना पाच ऐकू येत, ना पन्नास. ‘बाहत्तर’मध्ये सत्तरचा ‘स’ गेलेला असतो. आपल्याला हे खटकत नाही, कारण आपण हे शब्द गाण्यासारखे पाठ केलेत. सात वर्षांच्या मुलाला एक ते शंभरपर्यंत जवळजवळ शंभर वेगळे शब्द शिकावे लागतात.

त्यात ‘एकोण’. एकोणचाळीस म्हणजे चाळीसला एक कमी. मुलाच्या कानावर ‘चाळीस’ येतं, हात चारवर जातो आणि पुढे नऊ लागून ४९ होतात. तसंच एकोणपन्नासचे ५९. आणि हा नियम कळला म्हणावं तर ९९ ला ‘एकोणशंभर’ नाही, नव्याण्णव! ‘अठ्ठेचाळीस, नऊचाळीस’ असं मोजणारं मूल घरात हसण्यावारी नेतात. त्याला रागवू नका. त्याने बेचाळीस-त्रेचाळीसमधला नियम स्वतःहून पकडलेला असतो, भाषाच तिथे वळण घेते.

आता ‘वीस एक’ बद्दल. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ही वाचनपद्धत आली तेव्हा विधानसभेपर्यंत वाद गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हाच स्पष्ट केलं होतं की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही शिकवायची आहेत. ‘साठ तीन’ ही ‘त्रेसष्ट’पर्यंत चढायची पायरी आहे. आणि ती परकीही नाही. शंभराच्या पुढे आपण सगळेच मोठं आधी म्हणतो: एकशे वीस, दोनशे पाच. खेड्यातली जुनी माणसं विशीने मोजायची, ‘तीन विसा आणि सात’ म्हणजे सदुसष्ट. तिथंही मोठा ढीग आधी आणि सुटं नंतर. चूक होते ती शिक्षक पायरीवरच थांबतात तेव्हा. दुसरी संपताना मूल ‘साठ तीन’ म्हणतं आणि ‘त्रेसष्ट’ ऐकल्यावर गोंधळतं, तर ते बाजारात अडेल. म्हणून रोज एकाच संख्येला दोन्ही नावं घ्यावी लागतात, आणि दिवाळीनंतर हळूहळू जुन्या नावावर भर द्यावा लागतो.

काड्यांचं काम इथे सुरू होतं. चार मुलांच्या गटाला १०० काड्या आणि १२ रबर पुरतात, म्हणजे वीस मुलांच्या वर्गाला ५०० काड्या. खराट्याच्या काड्या बोटभर लांब कापायच्या, दोन्ही टोकं बोथट करायची. दातकोरणी नकोत, टोचतात. चिंचोके वीसपर्यंतच्या मोजणीला उत्तम, पण त्यांचा गठ्ठा बांधता येत नाही, म्हणून इथे उपयोगाचे नाहीत.

गटापुढे ४७ काड्या पसरायच्या आणि एकेक करून मोजायला लावायच्या. बहुतेक मुलं मध्येच कुठेतरी चुकतात, आणि त्यांनी चुकायलाच हवं. मग दहा-दहा मोजून गठ्ठे बांधायचे. ते मुलांनीच बांधायचे! शिक्षकांनी घरून बांधून आणलेला गठ्ठा मुलाच्या दृष्टीने एक वस्तू असते. याची परीक्षा सोपी आहे: चार गठ्ठे आणि सात सुट्या काड्या ठेवून ‘एकूण काड्या किती?’ विचारा. ‘अकरा’ असं उत्तर आलं, तर त्या मुलाला दशक कळलेला नाही. त्याला पुस्तक पुढे शिकवून उपयोग नाही. रबर काढून काड्या पुन्हा मोजायला द्यायच्या, पुन्हा बांधायला द्यायच्या, दोन-चार दिवस हेच.

त्यानंतरचा क्रम असा: ‘चार गठ्ठे, सात सुट्या’, मग ‘चाळीस सात’, मग ‘सत्तेचाळीस’, आणि शेवटी ४७. बऱ्याच वर्गांत पहिल्यावरून थेट शेवटच्यावर उडी मारतात. मधलं ‘चाळीस सात’ गाळलं की ७४ येतात.

एक बारीक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गठ्ठे डावीकडे आणि सुट्या उजवीकडे ठेवतात. पण मुलं गोल बसलेली असतील आणि काड्या मध्ये असतील, तर समोरच्या बाजूच्या मुलांना सुट्या डावीकडे दिसतात आणि गठ्ठे उजवीकडे. ती मुलं डोळ्यांनी ७४ बघत असतात आणि शिक्षक त्यांना ४७ लिहायला सांगत असतात. म्हणून संख्या मांडताना गट एका ओळीत, एकाच दिशेला तोंड करून बसवावा, किंवा प्रत्येकाच्या पुढ्यात वेगळा कागद असावा. कागदाच्या मधोमध रेघ, डावीकडे ‘दशक’, उजवीकडे ‘एकक’.

तुमचा ‘खेळवताय’ हा आरोप खरा कुठे ठरतो तेही सांगते. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शाळांचा एक गट) जिल्हा परिषद शाळा ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याच्या, अध्यापनासाठी नावाजल्या गेल्या. राज्यभरातून शिक्षक त्या बघायला येत. परत गेल्यावर अनेक ठिकाणी सर्वांत आधी उचललं गेलं ते फरशीवरचं रंगकाम, कारण ते लगेच दिसतं आणि तपासणीला दाखवता येतं. मुलांना प्रश्न कोणता विचारायचा, कधी गप्प राहायचं, साहित्य कधी काढून घ्यायचं, हे बघून येत नाही, ते करून शिकावं लागतं. तिसरीतलं मूल ४८ अधिक ३७ साठी अजून वहीत रेघोट्या ओढत असेल, तर त्याला काड्या दिल्या गेल्या, पण त्यांची सवय सोडवली गेली नाही.

सोडवायची रीत अशी. तीन गठ्ठे आणि पाच सुट्या मुलाला दाखवायच्या, वर रुमाल टाकायचा. ‘आणखी एक गठ्ठा आत सरकवला, आता किती?’ रुमाल न उचलता ‘पंचेचाळीस’ आलं, की काड्यांचं काम संपत आलं. पुढे दहाच्या आणि एकच्या खोट्या नोटा. नोट काड्यांच्या आधी देऊ नये, कारण दहाच्या नोटेच्या आत दहा एक दिसत नाहीत, ती सोडून बघता येत नाही. त्याच्यापुढे वहीत दशकाला उभी रेघ आणि एककाला टिंब, मग नुसते आकडे. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेची उद्दिष्टं दुसरीअखेर ९९९ पर्यंत आणि तिसरीअखेर ९९९९ पर्यंत वाचन-लेखनाची आहेत. तिथवर काड्या मोजत जाता येणारच नाही.

९९ च्या पुढे शून्य छळतं. ‘एकशे पाच’ म्हटलं की १००५ लिहिलं जातं, कारण मूल आधी शंभर लिहितं आणि शेजारी पाच. इथे पुठ्ठ्याची कार्डं कामाला येतात. १०० चं कार्ड तीन घरांचं, १० चं दोन घरांचं, ५ चं एका घराचं. पाचचं कार्ड शंभराच्या कार्डावर उजवी कड जुळवून ठेवलं की १०५ दिसतं, आणि उचलून बघितलं तर खाली शून्य जागेवर असतं. घरं मात्र सगळ्या कार्डांवर सारख्या मापाची हवीत, नाहीतर आकडे एकमेकांवर बसत नाहीत.

वजाबाकीतली नेहमीची चूक ५२ वजा २७ बरोबर ३५. मुलाने दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन घालवले. उभ्या मांडणीत प्रत्येक रकाना त्याला सुटं गणित वाटतं आणि ‘मोठ्यातून लहान’ हे पहिलीपासून कानावर असतं. ‘शेजाऱ्याकडून उसना घे’ असं सांगून ही चूक काही दिवस दबते, पण परत येते. कारण उसनं घेतलेलं परत द्यायचं असतं, आणि इथे काहीच परत जात नाही. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या घेऊन बसलेल्या मुलाला सात सुट्या द्यायच्या असल्या, की ते स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढतं. चार गठ्ठे, बारा सुट्या. त्यातून सात गेल्या, पाच राहिल्या, मग दोन गठ्ठे गेले. पंचवीस. ‘दशक सुटा केला’ हा शब्द तेव्हाच वापरावा. ते शब्द मग वहीपर्यंत टिकतात.

आता पाढे. ज्ञानरचनावादाच्या नावाखाली ज्या वर्गांनी पाढे बंद केले त्यांनी मुलांचं नुकसान केलं, यात मला शंका नाही. सात आठे छप्पन्न क्षणात आठवलं नाही, तर चौथीत भागाकार करताना मुलाचं सगळं लक्ष गुणाकारातच अडकतं. रोज दहा मिनिटं मोठ्याने पाढे व्हायलाच हवेत. पावकी-दिडकीची गोष्ट वेगळी आहे. रुपयाचे सोळा आणे आणि शेर-मणाची मापं होती तोवर बाजारात ती रोज लागायची. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, मग दशमान मापंही आली, आणि त्यांची ती गरज संपली. सवा, दीड, अडीच समजायला हवेत, पण त्यांचे तीसपर्यंतचे पाढे आज पाठ करून घेऊ नयेत.

पाठांतरातही एक खाच आहे. काही मुलांना सातचा पाढा येतो, पण ‘सात आठे?’ विचारलं की ‘सात एके सात’पासून धावत यावं लागतं. म्हणून म्हणून झाल्यावर मधलं-अधलं विचारायचं, खालून वर म्हणवून घ्यायचं. आणि चिंचोक्यांच्या चार ओळी, प्रत्येक ओळीत सहा, अशा पुठ्ठ्यावर मांडून पुठ्ठा फिरवून दाखवायचा: चार सक चोवीस तेच सहा चोक चोवीस. एवढं कळलं की दहापर्यंतच्या पाढ्यांतल्या १०० गुणाकारांचे ५५ उरतात. १ आणि १० चे पाढे सोपेच आहेत, ते सोडले की ३६. दोनचा आणि पाचचा मुलांना लवकर बसतो, तेही सोडले की राहतात फक्त २१, तीन त्रिक नऊ पासून नऊ नव्वे एक्याऐंशीपर्यंत. घाम गाळायचा तो या एकवीसांवर. म्हणून क्रम २, ५, १० असा सुरू करावा, मग दोनच्या दुपटीने चार, मग ३, ६, ९, ८ आणि शेवटी सात.

तुमच्या नातवासाठी घरी करण्यासारखं एक काम आहे. दहाच्या नऊ नोटा आणि रुपयाची नऊ नाणी एका डबीत ठेवा. रोज रात्री पाच आकडे सांगा आणि तेवढे पैसे तुमच्या हातावर ठेवायला सांगा. ‘सत्तेचाळीस दे’ म्हटल्यावर त्याने आधी नोटा मोजायच्या, मग नाणी, आणि देताना ‘चाळीस सात, सत्तेचाळीस’ असं म्हणायचं. त्यानंतरच आकडा वहीत लिहायचा. पाचांत एक तरी ‘एकोण’वाला ठेवा, समजा एकोणचाळीस. त्याला अडखळायला झालं तर पुढची दशकाची रक्कम आधी मागा, चाळीस रुपये पूर्ण हातावर आले की ‘एक रुपया परत घे’ म्हणा, आणि उरलेल्या पैशांचं नाव त्यालाच सांगू द्या. एक रुपया परत घ्यायला नोट मोडावी लागेल, म्हणून डबीजवळ रुपयाची आणखी दहा नाणी असू द्या. ती नोट त्यालाच मोडू द्या.