‘हिस्टरी उरकून टाक’ म्हणणाऱ्या आईबाबांसाठी

टेक्सासातल्या सरकारी कॉलेजातून कुठलीही बॅचलर्स डिग्री घ्यायची, मग ती कॉम्प्युटरची असो नाहीतर नर्सिंगची, तर अमेरिकन इतिहासाचे सहा क्रेडिट घ्यावेच लागतात, राज्याचा कायदाच आहे तसा. म्हणजे दोन कोर्स. तेराशे एक आणि तेराशे दोन. पहिला अगदी सुरुवातीपासून १८७७ पर्यंत, दुसरा १८७७ पासून आजपर्यंत. आणि आपल्या मराठी घरांमध्ये या कोर्सबद्दल एकच वाक्य ऐकू येतं, “समरला कम्युनिटी कॉलेजात ऑनलाइन उरकून टाक, उगाच जीपीएला धक्का नको.” गणपतीत प्रसादाच्या रांगेत ऐकलंय, मुलांच्या ग्रॅज्युएशन पार्टीत ऐकलंय, आणि परवा तर एका व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात सोपं मार्किंग कुठल्या हिस्टरी प्रोफेसरचं यावर रात्री उशिरापर्यंत चर्चासत्र चाललं होतं. लग्नासाठी स्थळांची एवढी चौकशी करत नाहीत.

मी स्वतः मागच्या वर्षी तेराशे दोन केला. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर, बरीच वर्षं घरी बसले, मग काम करायची परवानगी मिळाली, मग अकाउंटिंगची डिग्री सुरू केली आणि तिच्यात हा कोर्स होता. संध्याकाळचा वर्ग, शेजारी माझ्या लेकीच्या वयाची पोरं. तर माझं मत स्पष्ट सांगते, आपल्या मुलांनी सगळ्या डिग्रीत एकच कोर्स वर्गात बसून, भांडून, नीट करायचा असेल तर तो हाच. कारण हा ‘त्यांचा’ इतिहास नाहीच. आपण या देशात कसे आलो, कुणी दार बंद केलं होतं आणि ते कुणाच्या धडपडीनं उघडलं, हे सगळं याच एका कोर्सात आहे आणि आपण तो पाच आठवड्यांच्या क्विझमध्ये संपवतो.

१८७७ च का, तर गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी केंद्राचं सैन्य होतं, अध्यक्षपदाच्या एका वादग्रस्त निवडणुकीचा तोडगा म्हणून १८७७ ला ते मागे घेतलं. तिथून पुढे मतदानावर कर, वाचता येतं का याच्या परीक्षा, वेगळे डबे, वेगळ्या शाळा, आणि १८९६ ला सुप्रीम कोर्टानं त्या वेगळेपणावर शिक्काच मारला. म्हणजे कोर्सची सुरुवातच अशी, की कागदावर दिलेले हक्क प्रत्यक्षात कसे काढून घेतले. त्या कागदांपैकी एक महत्त्वाचा म्हणजे १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती, इथं जन्मेल तो नागरिक. ती झाली गुलामीतून सुटलेल्या लोकांसाठी. आपल्यापैकी किती जणांची पोरं तिच्या जिवावर जन्मतःच अमेरिकेचा निळा पासपोर्ट घेऊन फिरतायत?

आणि ते सुद्धा आपोआप झालेलं नाही. १८८२ ला चिनी मजुरांना येण्याची बंदी करणारा कायदा झाला, ज्या चिन्यांनी डोंगर फोडून रेल्वे टाकली त्यांनाच. वाँग किम आर्क नावाचा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला माणूस चीनला जाऊन परत आला तर १८९५ ला त्याला बंदरातच अडवलं, म्हणे तू नागरिक नाहीस, तुझे आईबाप चिनी. तो कोर्टात गेला आणि १८९८ ला सुप्रीम कोर्टात जिंकला. आईबापांना नागरिक होण्याची परवानगी नसली तरी इथं जन्मलेलं पोर नागरिक, हे त्याच्यामुळं पक्कं झालं. २०२५ च्या जानेवारीत व्हिसावर असलेल्या आईबापांच्या मुलांबद्दल तो अध्यक्षीय आदेश निघाला तेव्हा आपले सगळे ग्रुप हादरले होते, आठवतंय ना, आणि तेव्हा प्रत्येक बातमीत याच माणसाचं नाव येत होतं. “हा कोण आता?” असं ग्रुपवर विचारणाऱ्यांत दोन-तीन जण असे होते की ज्यांच्या मुलांनी तेराशे दोन मध्ये ए काढलेला. ऑनलाइन.

आता ज्या आठवड्यानं मला सगळ्यात जास्त त्रास दिला त्याबद्दल. १९२३. भगतसिंग थिंड. (आपले शहीद भगतसिंग नव्हेत.) पंजाबातून आलेला शीख माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. त्यानं नागरिकत्व मागितलं. तेव्हाचा कायदा १७९० पासूनचा, ‘मुक्त गोरी व्यक्ती’ असेल तरच नागरिक होता येईल, यादवी युद्धानंतर त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली होती, मधले आशियाई कुठेच नाहीत. थिंडच्या तीनच महिने आधी ओझावा नावाच्या जपानी माणसाला याच कोर्टानं सांगितलं होतं, तुझी कातडी गोरी असली तरी चालणार नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. मग थिंड आला आणि म्हणाला, मानववंशशास्त्रवाले उत्तर भारतातल्या लोकांना कॉकेशियनच म्हणतात, म्हणजे मी गोरा. त्यावर त्याच जज्जसाहेबांनी, सदरलँड त्यांचं नाव, सांगितलं की शास्त्र काय म्हणतं ते सोडा, साधा माणूस गोरा कुणाला म्हणतो ते बघा. हे सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले आणि लहानपणी इथं आलेले! वर्गात हशा पिकला.

पण मी नव्हते हसत, कारण असाइनमेंट म्हणून आम्हाला त्या खटल्याची मूळ कागदपत्रं वाचायला दिली होती आणि थिंडच्या बाजूनं काय युक्तिवाद केलाय ते माझ्यासमोर होतं. उच्चवर्णीय आर्य आहे. जातीच्या बंधनामुळं रक्त शुद्ध राहिलंय. लग्नाच्या बाबतीत वरच्या जातीचा हिंदू भारतातल्या आदिवासींकडं तसंच बघतो जसा अमेरिकन माणूस निग्रोकडं बघतो. हे असं, छापील, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात, नागरिकत्व मिळावं म्हणून! म्हणजे आम्हाला पण तुमच्यात घ्या, कारण आम्ही पण कुणाला तरी खाली ठेवतो. प्रोफेसरनं विचारलं, जात म्हणजे नक्की काय, कुणी सांगेल का, आणि सगळ्या वर्गानं वळून माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं. जेवढं सांगता येईल तेवढं, गावातल्या दोन पाणवठ्यांपासून. आमच्या मंडळात हा विषय निघाला की “इथं कुठे आहे जात” म्हणून पुढं जातात लोक, तिथं बोलायची कधी वेळच येत नाही.

थिंड हरला तो हरला, पण आधी ज्यांना नागरिकत्व मिळालेलं त्यांचंही काढून घेतलं. सॅन फ्रान्सिस्कोत वैष्णोदास बगाई म्हणून दुकानदार होते, बायकापोरांसह आलेले, ब्रिटिश राजवट नको म्हणून हा देश आपला मानलेला. नागरिकत्व गेलं, मालमत्तेचे हक्क गेले, प्रवासासाठी पासपोर्ट मिळेना, १९२८ ला त्यांनी आत्महत्या केली. आणि हे सगळं आपल्या समाजातल्या किती जणांना माहितीय? सुंदर पिचाईचा पगार सगळ्यांना पाठ आहे.

याच काळात दुसरा एक भारतीय माणूस न्यूयॉर्कात शिकून गेला होता, १९१३ ते १९१६, कोलंबिया युनिव्हर्सिटी, हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीला लागूनच. आपल्याला सांगायला नकोच कोण. बाबासाहेबांनी पुढं १९४६ ला डु बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहून युनोकडं निग्रो समाजाच्या वतीनं दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या, कारण अस्पृश्यांसाठी तसंच काही करायचं मनात होतं. दोघंही भारतीयच, पण एक जातीचा आधार घेऊन गोऱ्यांच्या रांगेत उभा राहायला बघतो आणि दुसरा काळ्यांच्या लढ्यात आपला प्रश्न ओळखतो. शेवटच्या पेपरात मी यावरच लिहिलं. नंतर १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथर या काळ्या लोकांच्या संघटनेचं नाव घेऊन, हे पण टाकलं, प्रोफेसरला ते माहितीच नव्हतं, भलतीच खूश झाली.

बरं, आता दार उघडलं कधी. १९२४ च्या कायद्यानं आशियाई लोकांचं येणं जवळजवळ बंदच केलेलं. १९४६ ला अध्यक्ष ट्रूमननं सही केली आणि भारताला कोटा मिळाला, वर्षाला १००. शंभर माणसं! सगळ्या देशातून! म्हणजे १९५५ ला पुण्यातून पहिल्या वर्गात पास झालेला इंजिनिअर कितीही हुशार असू दे, त्याला इथं कायमचं यायचं तर त्या शंभरात यावं लागणार. मग १९६५, ३ ऑक्टोबर, लिबर्टी आयलंडवर पुतळ्याच्या पायथ्याशी लिंडन जॉन्सननं नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली आणि देशावर ठरलेले कोटे गेले, नातं आणि शिक्षण-कौशल्य बघायला लागले. सही करताना म्हणाला की हा काही क्रांतिकारी कायदा नाही. झालं उलटंच.

पण हा कायदा आभाळातून पडला नाही हे महत्त्वाचं. त्याच वर्षी ७ मार्चला अलाबामातल्या सेल्मात मतदानाचा हक्क मागत चाललेल्या लोकांना पुलावर झोडपलं, ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला, त्याच्या आदल्या वर्षी नागरी हक्कांचा. वंश बघून माणसाला नाकारणं घरात चुकीचं म्हणायचं आणि दारात चालू ठेवायचं हे मग टिकलं नाही. ज्यांनी डोकी फोडून घेतली त्यांच्यामुळं पुढं आपले डॉक्टर आणि इंजिनिअर विमानात बसले. म्हणून मंडळात कुणी “आम्ही कष्टानं आलो, आम्हाला कुणी काही फुकट दिलं नाही, मग ह्या काळ्या लोकांनाच कशाला” असं सुरू करतं ना, तेव्हा माझं डोकं फिरतं. कष्ट केलेच आहेत हो, माझ्या नवऱ्यानं पण केलेत. १९५५ च्या त्या इंजिनिअरनं पण केले होते. त्या शंभरापलीकडं त्याला व्हिसा देणारा कायदा नव्हता.

आणि ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं अडकलेल्यांसाठी खास गंमत. प्रत्येक देशाला सारखीच मर्यादा, हे तत्त्व त्याच १९६५ च्या कायद्यातलं, तेव्हा पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला वर्षाला जास्तीत जास्त २०,००० होते. १९९० च्या कायद्यानं ती मर्यादा एकूण कोट्याच्या सात टक्क्यांची झाली, आणि एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा पण त्याच १९९० च्या कायद्यानं आला. जर्मनीपेक्षा भारताला कमी, हा अन्याय मोडायला आणलेली समान वाटणी आता भारताएवढ्या देशाला आवळतेय. ती बदलावी असं मलाही वाटतं, आमची पण तारीख अजून आलेली नाही, पण ‘भारतीयांविरुद्ध कट आहे’ असले फॉरवर्ड पाठवण्याआधी हे एवढं माहिती असावं.

आपल्या डॅलसकरांसाठी अजून एक. प्लेनो-रिचर्डसनहून डाउनटाउनला जाताना आपण सेंट्रल एक्सप्रेसवेवर ट्रॅफिकला शिव्या घालतो तो रस्ता १९४० च्या दशकात काढताना फ्रीडमन्स कबरस्तानाचा भाग त्याच्याखाली घेतला, गुलामीतून सुटलेल्या लोकांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी आपली माणसं जिथं पुरली ती जागा. १९९० च्या सुमाराला रस्ता रुंद करताना ११०० हून जास्त कबरी निघाल्या, त्या शेजारी नेऊन पुरल्या. लेमन ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर स्मारक आहे. बिगटेक्सची स्टेट फेअर आणि केनेडीला गोळी घातली ती जागा आपण भारतातून आलेल्या सासूसासऱ्यांना दाखवतो, ही पण दाखवा, पार्किंग मिळतं.

कोर्स परफेक्ट आहे असं नाही. सोळा आठवड्यांत दीडशे वर्षं कोंबायची म्हणजे दुसऱ्या महायुद्धात रमायचं आणि १९६८ नंतर नुसतं पळत सुटायचं. आमच्या पुस्तकात १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याला जेमतेम एक परिच्छेद होता. आमच्या घरच्या मोठ्या माणसांना अमेरिका म्हणजे दुष्काळातला रेशनचा मिलो (तिथून आलेली ज्वारी) आणि ७१ ला बंगालच्या उपसागरात आलेलं सातवं आरमार, त्यातलं पुस्तकात काहीच नाही. शिल्लक धान्य बाहेर पाठवायचा तो १९५४ चा कायदा आयसेनहॉवरच्या सहीचा, इथल्या शेतकऱ्यांच्या गोदामातला माल कमी व्हावा हा त्यामागचा एक मोठा हेतू, हे मी माझं माझं शोधून काढलं. आणि मल्टिपल चॉइसच्या परीक्षा म्हणजे सनावळ्याच, आपल्या दहावीसारख्याच. म्हणून तर सांगतेय, सेक्शन निवडताना मार्किंग सोपं का ते बघू नका, मूळ कागदपत्रं वाचायला लावतात का ते बघा, सिलॅबस आधी ऑनलाइन टाकलेला असतो, दोन मिनिटांत कळतं. पाच आठवड्यांचा समर सेक्शन टाळा, वाचायला वेळच मिळत नाही त्यात. पुस्तक बऱ्याच कॉलेजांत आता ऑनलाइन फुकट असतं. आणि ज्या एच-फोरवाल्या मैत्रिणी “मला कोण घेणार आता या वयात” म्हणतायत त्यांना, घेतात, संध्याकाळचे वर्ग असतात, फक्त पहिल्या दिवशी पुढच्या बाकावर बसा, मागे पोरं फार बडबड करतात.