घाटात रेंज नसली तरी फोन रस्ता दाखवतो

'घाटात रेंज जाते, म्हणून गाडीतलं नेव्हिगेशन हवंच' हे नवी गाडी निवडण्याबद्दलच्या लेखातलं विधान पटलं नाही. जीपीएसचा सिग्नल उपग्रहाकडून येतो, त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही. गूगल मॅप्सवर त्या भागाचा नकाशा घरूनच डाउनलोड करून ठेवला की ताम्हिणी घाटात रेंज नसतानाही फोन वळणं सांगतो; फक्त ट्रॅफिकची ताजी माहिती मिळत नाही. आम्ही माणगावला कायम असेच जातो.

खरा फरक पडतो तो बोगद्यात. कशेडीच्या बोगद्यात उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही. तिथे बऱ्याच गाड्यांमधलं नेव्हिगेशन चाकांच्या वेगावरून जागेचा अंदाज घेतं. पण तेवढ्यासाठी हे नेव्हिगेशन असलेल्या टॉप व्हेरिएंटचे (मॉडेलच्या सर्वात महाग प्रकाराचे) पैसे मोजू नका, अँड्रॉइड ऑटो (फोनवरचा नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) असलेलं मधलं व्हेरिएंट पुरेसं आहे.