स्केटिंगचे गुण फुगले म्हणता? मग बिल उलगडून वाचा

इंदुरातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर बर्फावरच्या फिगर स्केटिंगबद्दलचा एक संदेश जोरात फिरतो आहे. टिळकनगर असो की सुदामानगर, ज्यांची मुलं चाकांचे बूट घालून आर्टिस्टिक स्केटिंग शिकतात, त्या घराघरांत तो पोचला आहे. संदेशाचा सारांश असा: २००६ साली पुरुषांत रशियाच्या प्लुशेन्कोनं २५८.३३ गुणांवर ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, २०२२ साली अमेरिकेच्या नेथन चेनला ३३२.६० मिळाले, म्हणजे मधले ७४ गुण पंचांनी फुकट वाटले. सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत प्रामाणिक होती. आता पंचांची नावं गुप्त असतात आणि एक जरी फितला तरी निकाल फिरतो. म्हणून मुलांच्या स्पर्धांतही ही किचकट पद्धत नको, पंचांनी सरळ क्रमांक लावावेत.

यातले आकडे बरोबर आहेत, अर्थ चुकला आहे. आणि शेवटची मागणी मान्य झाली तर तोटा मुलांचाच होणार आहे.

‘७४ गुण फुकट वाटले.’

सराफ्यात दागिना घेतला की बिलावर सोन्याचं वजन, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहिलेली असते. वीस वर्षांपूर्वीच्या बिलाची शेवटची रक्कम आजच्या बिलाशेजारी ठेवून कुणी सोनाराला चोर म्हणत नाही, आधी वजन बघतो. स्केटिंगचं गुणपत्रक असंच आहे. प्रत्येक उडीची, गिरकीची ठरलेली मूळ किंमत हे सोनं. ती किती सफाईनं झाली याचे पंचांचे गुण ही घडणावळ. शिवाय तिसरा भाग अख्ख्या कार्यक्रमाचा: रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य.

आता वजन बघा. २०१० साली व्हँकुव्हर ऑलिंपिकला अमेरिकेच्या इव्हान लायसाचेकनं २५७.६७ गुणांवर सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्याच्या कार्यक्रमांत क्वाड, म्हणजे हवेत चार फेऱ्यांची उडी, एकही नव्हती. चेननं २०२२ साली बीजिंगला नुसत्या फ्री स्केटिंगमध्ये, म्हणजे दोन कार्यक्रमांपैकी लांबच्या कार्यक्रमात, पाच क्वाड मारल्या. लुट्झ हा उडीचा एक प्रकार. तीन फेऱ्यांच्या ट्रिपल लुट्झची मूळ किंमत ५.९ आणि क्वाड लुट्झची ११.५. एका उडीमागे साडेपाचाहून जास्त गुणांचा फरक पडतो, आणि त्यात पंचांचा हात कुठेच नाही.

दर तर उलट उतरवले गेले. २०१८ साली क्वाड लुट्झ १३.६ वरून ११.५ वर आली, टो लूप या दुसऱ्या प्रकारची क्वाड १०.३ वरून ९.५ वर. पुरुषांचं फ्री स्केटिंग साडेचार मिनिटांवरून चार मिनिटांवर आलं, उड्या आठाच्या सात झाल्या. कार्यक्रमाच्या उत्तरार्धातल्या सगळ्या उड्यांना मिळणारी दहा टक्के वाढ फ्रीमध्ये शेवटच्या तीन उड्यांपुरती आणि शॉर्टमध्ये, म्हणजे छोट्या कार्यक्रमात, शेवटच्या एकीपुरती राहिली. त्याच वेळी सफाईची पट्टी उणे ३ ते अधिक ३ वरून उणे ५ ते अधिक ५ अशी रुंदावली आणि प्रत्येक पायरी मूळ किमतीच्या दहा टक्के ठरली. ही पट्टी दोन्हीकडे ओढते. क्वाड लुट्झवर पडलात तर ११.५ मधून ५.७५ जातात, वर पडल्याचा एक गुण वेगळा कापला जातो. नियम इतके बदलले की आंतरराष्ट्रीय संघटनेनं जुने विक्रम ऐतिहासिक म्हणून बाजूला ठेवले आणि नवी वही उघडली.

फुगवटा मुळीच नाही, असं आम्ही म्हणत नाही. तो शोधायचा तर तिसऱ्या भागात शोधा. तिथे मोजायला फेऱ्या नसतात, पंचाचा डोळा असतो. पुरुषांच्या फ्रीमध्ये तिन्ही घटकांचे दहापैकी गुण ३.३३ नं गुणतात. सगळ्या पंचांनी तिन्ही घटकांत फक्त पाव पाव गुण हात सैल सोडला, तरी अडीच गुण वाढले. खेळाडूचं नाव मोठं असलं, उड्या अवघड असल्या, शेवटच्या गटात पाळी आली की हे गुण वर सरकतात, ही तक्रार जुनी आणि रास्त आहे. देशांतर्गत स्पर्धांत हात आणखी सैल सुटतो. म्हणूनच तिथले आकडे आंतरराष्ट्रीय विक्रमांत धरत नाहीत आणि जागतिक स्पर्धेची किमान पात्रताही त्यांवर मिळत नाही.

‘सहाची पद्धत प्रामाणिक होती.’

हा मुद्दा वाचून मात्र राहवत नाही. ती पद्धत बदलावी लागली ती अप्रामाणिकपणामुळेच. २००२ साली सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकला जोडी स्केटिंगमध्ये नऊ पंचांपैकी पाचांनी रशियन जोडीला आणि चौघांनी कॅनडाच्या सॅले-पेलेतिए यांना पहिलं ठरवलं. पाठोपाठ फ्रेंच पंचावर आपल्या संघटनेनं दबाव आणल्याचं प्रकरण बाहेर आलं. ती पंच आणि फ्रेंच संघटनेचे अध्यक्ष दोघंही तीन वर्षांसाठी निलंबित झाले, कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण द्यावं लागलं. त्या पद्धतीत ५.८ की ५.९ याला स्वतःचं मोल नव्हतं, त्यातून निघणारा क्रमांकच मोजला जाई. त्यामुळे आधी खेळणाऱ्याला गुण हातचे राखून द्यायचे, कारण मागून येणाऱ्यांसाठी वर जागा ठेवायची. आणि एक मत इकडचं तिकडे झालं की सुवर्णाचं रुपं.

‘पंचांची नावं गुप्त असतात.’

असायची, आता नसतात. सॉल्ट लेकनंतर पंचांवर दबाव येऊ नये म्हणून गुण निनावी केले, आणि तो उपाय अंगाशी आला. २०१४ साली सोची ऑलिंपिकला महिलांत रशियाची सोत्निकोव्हा २२४.५९ आणि दक्षिण कोरियाची किम यु-ना २१९.११ असा निकाल लागला, पण कोणत्या पंचानं कुणाला किती दिले हे त्या पत्रकावरून आजही सांगता येत नाही. एरिक झिट्झेविट्झ या अर्थतज्ज्ञाच्या अभ्यासात तर गुप्ततेनंतर स्वदेशी खेळाडूंना झुकतं माप देणं कमी न होता वाढल्याचं दिसलं. २०१६ साली गुप्तता रद्द झाली. आता प्रत्येक रकाना कोणत्या पंचाचा, हे कुणीही वाचू शकतं. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये आपल्या देशाच्या खेळाडूंना झुकतं माप दिलं म्हणून दोन चिनी पंचांवर बंदी आली, ती गुण उघड असताना.

‘एक फितला की निकाल फिरतो.’

हे हिशेबानंच तपासू. ट्रिपल लुट्झ, किंमत ५.९०. नऊ पंचांचे सफाईचे गुण समजा असे: २, २, ३, २, १, २, ५, ३, २. सातव्या पंचाचा ५ उघड पक्षपाती. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान गुण काढला की सात उरतात, बेरीज १६, सरासरी २.२९. दर पायरीला ०.५९ धरून १.३५ गुण होतात, उडीचे एकूण ७.२५. त्याच पंचानं प्रामाणिकपणे २ दिले असते तर ७.१६ झाले असते.

म्हणजे त्याचा ५ कापला गेला, तरी त्याच्या आडोशानं दुसऱ्याचा एक ३ हिशेबात राहिला आणि ०.०९ चा फायदा झालाच. टोकाचे गुण काढले की पक्षपात नाहीसा होतो, असं पद्धतीची बाजू घेणारेही सांगतात, तेही पुरतं खरं नाही. फ्री स्केटिंगच्या उड्या, गिरक्या वगैरे बाराही कसरतींत इतकाच फरक पडला तर १.०८ गुण होतात. २०१८ च्या ऑलिंपिकला महिलांत सुवर्ण जिंकणारी झागितोव्हा रौप्य मिळवणाऱ्या मेदवेदेवाच्या पुढे होती ती १.३१ गुणांनी. अटीतटीच्या निकालात एक पंच जड जाऊ शकतो. पाच-दहा गुणांचं अंतर मात्र एकट्याला फिरवता येत नाही.

संदेश ज्यांचं नावही घेत नाही, त्यांच्या हातात याहून कितीतरी जास्त असतं. पंचांखेरीज तिघांचं तांत्रिक मंडळ असतं. उडी कोणती, फेरी पुरी झाली का, पातं बरोबर कडेवर होतं का, हे ते ठरवतात. क्वाड लुट्झ पाव फेरीहून जास्त पण अर्ध्याहून कमी अपुरी राहिली तर मूळ किंमत ८० टक्के, म्हणजे ९.२. अर्धी किंवा त्याहून जास्त कमी पडली तर ती ट्रिपल धरतात, ५.९. बूट टेकताना पातं किती वळलं होतं, एवढ्यावर साडेपाच गुण. कॅमेरा समोर असेल तर ते दिसतं, उडी त्याच्याकडे पाठ करून उतरली तर अंदाज उरतो. निरनिराळ्या बाजूंनी कॅमेरे हवेत, ही मागणी कुणी उचलून धरली तर आम्ही तिच्या पाठीशी आहोत.

‘मुलांच्या स्पर्धेत सरळ क्रमांक लावा.’

चाकांवरच्या आर्टिस्टिक स्केटिंगमध्ये रोलआर्ट ही पद्धत याच धर्तीची आहे: मूळ किंमत, सफाईचे उणे ३ ते अधिक ३, आणि घटकगुण. क्रमांकाच्या चिठ्ठीवर मुलीला ‘सातवी’ एवढंच कळतं. गुणपत्रकावर कळतं की गिरकी ठीक होती, पण दोन उड्यांत फेरी अपुरी राहिली. सोमवारच्या सरावाला काय घ्यायचं हे त्यातून ठरतं.

क्लबच्या स्पर्धांत खरी अडचण पंचांच्या संख्येची आहे. तीनच पंच असतील तर टोकाचे गुण काढून उरलेल्यांची सरासरी घेता येत नाही. १, १ आणि ५ ची सरासरी २.३३ होते, एकट्यानं सव्वा पायरीहून जास्त वर उचललं. तिघांवर भागवायचं असेल तर सरासरी न घेता मधला गुण घ्या, तो १ येतो. पाच पंच जमले तर टोकं काढता येतात. ज्या प्रशिक्षकाचं मूल त्या गटात उतरलं आहे, त्यानं त्या गटापुरतं पंचांच्या खुर्चीत बसू नये. आणि पालकांनी बक्षीस समारंभ आटोपला की निघून न जाता आयोजकांकडे पंचवार रकान्यांचं पत्रक मागावं. त्यात आधी मूळ किंमत आणि अपुऱ्या फेरीच्या खुणा बघा, मग एकाच पंचाचा रकाना एकाच क्लबच्या मुलांसाठी सतत उंच आहे का ते बघा. तसं दिसलं तर तो रकाना पुढ्यात ठेवून विचारा.